‘रिसीट’मधला मुका पी

इथे लीड्समध्ये दुकानात पैसे दिले की काउंटरवरची मुलगी विचारते, ‘रिसीट हवी का?’ जोर ‘सीट’वर, बसमधल्या सीटसारखा लांब, आणि शेवटचा ट बऱ्याचदा घशातच विरतो. पी कुठेच ऐकू येत नाही. नाशिकला मात्र मेन रोडच्या कापडदुकानापासून सोसायटीच्या ऑफिसपर्यंत ‘रिसिप्ट’ हाच उच्चार ऐकत मी मोठी झाले.

माझी भाची कॉलेज रोडला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास करते. परवा फोनवर वैतागून म्हणाली, ‘मावशी, बोलायचा नाही तर तो पी लिहायचा कशाला?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला फार आवडतं.

हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात पी नव्हताच, फ्रेंचांच्या तोंडून तो आधीच गळून गेला होता. पुढे मूळ लॅटिन ‘रेसेप्टा’ला मान द्यायचा म्हणून पंडितांनी तो स्पेलिंगमध्ये परत बसवला. लोकांनी हाताने लिहिला, तोंडाने घेतला नाही. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला आणि शंकेच्या ‘डाउट’मधला बीसुद्धा असाच मागाहून आलेला. तेव्हा ‘रिसिप्ट’ म्हणणाऱ्या आपल्या माणसाला कुणी अडाणी समजू नये. लिहिलंय ते वाचायचं, ही सवय त्याला देवनागरीने लावली आहे. (तिथेही अपवाद आहेतच. दुनिया या अर्थाचं ‘जग’ आणि ‘सुखाने जग’मधलं ‘जग’, अक्षरं तीच, ज निराळा.)

अर्थांची कथा तर त्याहून रंगतदार. लॅटिनमध्ये ‘रेसिपे’ म्हणजे ‘घे’. वैद्य औषधाची चिठ्ठी याच शब्दाने सुरू करत, त्यातूनच आजची रेसिपी आली. ‘रिसीट’चाही जुना अर्थ कृती असाच होता. जुन्या इंग्रज घरांतल्या बायका हाताने लिहिलेल्या वह्या जपत, त्यांना रिसीट बुक म्हणत. त्यांत लोणच्याच्या शेजारी खोकल्याचं औषधही असे.

आज हा शब्द मुख्यतः पावतीचा. हिशेबात अनेकवचनी आला की जमा रक्कम, व्हॉट्सॲपवर निळ्या खुणांची रीड रिसीट, आणि तरुण मुलांच्या बोलण्यात ‘रिसीट्स’ म्हणजे थेट पुरावे. आपला ‘पावती’ शब्दही ‘पावणे’ म्हणजे मिळणे यातूनच आलेला, म्हणजे दोन्ही भाषांनी एकच विचार केला. लासलगावला कांदा विकून काटापट्टी आणि हिशेबपट्टी खिशात जपून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको.

भाचीला मी एवढंच सांगितलं: आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये स्पेलिंग चुकलं की मार्क जातो, म्हणून कानाला ‘रिसीट’ ऐकू आलं तरी हाताने पी लिहायचाच. सी नंतर आधी ई, मग आय. मात्र फसवणुकीचा ‘डिसीट’ आणि गर्वाचा ‘कन्सीट’ लिहिताना पी घालायचा नाही, त्या दोघांत तो काही काळ डोकावला, पण टिकला नाही.