नंबर लिहिला की चांदण्या दिसतात

मागच्या रविवारी रात्री साडेदहाला ऑनलाइन लिलावातला माझा लॉट संपणार होता अन् मी मोबाईल घेऊन गच्चीवर फेऱ्या मारून राहिलो होतो, घरच्यांना वाटलं मॅच आहे. मॅचच समजा. बाबांच्या पेटीतली आगपेट्यांची लेबलं, सत्तरेक असतील, अन् सोबत पंधरा-वीस फर्स्ट डे कव्हर (नवं तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेली पाकिटं), असा लॉट लावला होता, सुरुवात तीनशेपासून. शेवटच्या दोन मिनिटांत दोघं असे भिडले की २,८५० वर जाऊन थांबले. खाली येऊन बायकोला म्हटलं, उद्या कस्तुरचंद पार्कजवळचे तर्री पोहे माझ्याकडून.

पोहे खाल्ले. पैसे आलेच नाहीत.

झालं काय, तर साईट विदेशी (नाव लिहीत नाही, उगाच खातं बंद व्हायचं) आणि बोली जिंकणारे गृहस्थ कोल्हापूरचे. सज्जन माणूस, सकाळीच मेसेज, "कार्ड घेत नाहीये ओ, यूपीआय करू का?" आता मी नागपुरात, ते कोल्हापुरात, दोघांच्याही मोबाईलमध्ये यूपीआय, दहा सेकंदाचं काम. पण साईटला चालतं फक्त कार्ड, तेही त्यांच्याच पेजवरून. अन् आपल्याकडे २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा की नवीन कार्ड येतं तेच ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवून, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपणच चालू करायचे. निम्म्या लोकांना हे ठाऊकच नसतं, कार्ड फेल झालं की त्यांना वाटतं सेलरनेच काही गडबड केली.

मी हे सगळं समजावून लिहिलं, शेवटी म्हटलं फोनच करा, नंबर टाकला. त्यांना आकड्यांच्या जागी दिसल्या नुसत्या चांदण्या (****). मग मी अक्षरात लिहिला, मराठीत, तो गेला आणि मी खूश, दुसऱ्या दिवशी ईमेल की तुम्ही साईटबाहेर पैसे घ्यायचा प्रयत्न करत आहात, पुन्हा केलं तर विक्री बंद. म्हणजे मराठी वाचता येते त्यांना. पाच वेळा मदत मागितली तेव्हा नव्हती येत.

चार दिवस झाले, मुदत संपली, विक्री रद्द. कमिशन परत मिळावं म्हणून वेगळा अर्ज. आणि बायरबद्दल मी वाईट शेरा देऊ शकत नाही, देणार नव्हतोच म्हणा, पण तो मला देऊ शकतो. ही पद्धत ईबेने मे २००८ मध्ये आणली, सेलरने बायरला फक्त चांगलाच शेरा द्यायचा, आणि त्याच वर्षी अमेरिकेत बहुतेक वस्तूंसाठी चेक आणि मनीऑर्डरही बंद केल्या. ऑनलाइन पैसे पोचवणारी पेपाल तेव्हा त्यांच्याच मालकीची, २००२ मध्ये दीड अब्ज डॉलरला घेतलेली. बायर जपायचा हा त्यांचा हिशोब, धंदा म्हणून मला समजतो. फक्त सेलर म्हणजे चोर, हे गृहीत धरून सगळं बांधलेलं असतं ते डोक्यात जातं.

इथल्या महाल भागातल्या काकांना सांगितलं, तीस-चाळीस वर्षं पोस्टाची तिकिटं जमवून राहिले ते. म्हणे, "काहून रे राजा एवढा ताप करून घेतो, आम्ही व्हीपी करत होतो, पोस्टमन पार्सल द्यायचा, पैसे घ्यायचा, घरी मनीऑर्डर यायची. बिघडलं काय आमचं?" मी म्हटलं काका, बायरने पार्सल सोडवलंच नाही तर? "मंग परत येते. आपलंच हाय ना ते!"

पण खरं सांगू, साईटबाहेरच्या पैशाची भीती मलाही आहे. गेल्या वर्षी जुना पंखा विकायला टाकला होता एका ठिकाणी, फोन आला, "मी फौजेत आहे, ट्रान्सफर झाली, पैसे आधीच पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." अरे बाबा, पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. मी वाचलो, आमच्या लेनमधले एक जण नाही वाचले. त्यामुळे पैशाच्या वेळी साईट दोघांच्या मध्ये उभी राहते हे मला मान्य आहे. पूर्वी ईबे इंडियावर पैसापे होतं तेव्हा बायर भरायचा, पैसे मध्ये थांबायचे, माल पोचला की आपल्या बँकेत. नेटबँकिंगही चालायचं. ती साईट १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झाली, तेव्हापासून आम्ही असे इकडेतिकडे. पेपालनेही एप्रिल २०२१ पासून देशातल्या देशातले व्यवहार बंद केले, आता ते फक्त बाहेरच्या पैशासाठी.

बाहेरच्या पैशाची वेगळीच कथा. जर्मनीचा एक बायर आहे, त्याला १८ युरोचा लॉट हवा होता आणि तो म्हणे बँक ट्रान्सफर करतो, तिकडे त्यांना तेच सोपं. युरोपात ठीक आहे हो, इथे यायला स्विफ्ट (देशादेशांतल्या बँकांची व्यवस्था), मधल्या बँकेचा कट, आमच्या बँकेचा कट वर जीएसटी, आणि ब्रँचमधली मॅडम विचारणार पर्पज कोड काय, म्हणजे पैसे कशाचे. १८ युरोसाठी! मी हात जोडले. शंभर वर्षांवरची नाणी तर बाहेर पाठवायचीच नाहीत, १९७२ चा कायदा आहे पुरावस्तूंचा, म्हणून मी तिकिटं अन् लेबलांपलीकडे जातच नाही.

काल कोल्हापूरवाल्यांचा मेसेज आला, इंटरनॅशनल चालू करून घेतलं म्हणे, नातवाने करून दिलं, लॉट पुन्हा लावा. लावला. पुन्हा तीनशेपासून, कारण जुन्या बोलीला साईटच्या लेखी किंमत नाही. सध्या ४५० वर आहे आणि ते ४५० त्यांचे नाहीत. रविवारी रात्री साडेदहाला संपतो. पोह्यांचं यावेळी घरी काही बोललो नाही.