उभ्याने खावं, बसायला बागेत जावं

बंगळूरमध्ये चांगलं खायचं असेल तर उभं राहायची तयारी हवी. ताईला हे पचायला जरा जड गेलं. तिचं गुडघ्याचं दुखणं आणि ‘बूड टेकल्याशिवाय खाल्ल्यासारखं वाटत नाही’ हे तिचं मत, दोन्ही आता सारखीच जुनी आहेत. आम्ही दोघी बहिणी तिच्या लेकीकडे गेलो होतो. मिरजेहून गाडीत बसलो तेव्हा दोघींनीही हे शहर पाहिलेलं नव्हतं. लेकीचं ऑफिस घरातूनच चालतं, म्हणजे कानाला हेडफोन आणि दार बंद. तिने मेट्रोचं कार्ड हातात ठेवलं आणि बजावलं, “मावशी, आठच्या आत बाहेर पडा. नंतर सगळं शहर रस्त्यावर येतं.”

पडलो बाहेर. घराच्या कोपऱ्यावरच दर्शिनी. अशी उभ्याने खायची उपाहारगृहं तिथे १९८०च्या दशकात सुरू झाली, आता प्रत्येक नाक्यावर एक तरी असतंच. गल्ल्यावर पैसे भरायचे, टोकन घ्यायचं, ते पलीकडे द्यायचं आणि बशी उचलायची. खुर्ची कुठेच नाही. कोपराच्या उंचीची स्टीलची गोल टेबलं, त्यांच्याभोवती अनोळखी माणसं एकमेकांच्या सांबारात न डोकावता खातात. तव्यापाशी उभं राहून आम्ही बघत बसलो, म्हणजे बघत उभ्या राहिलो. तव्यावर पाण्याचा सपकारा, छोट्या केरसुणीने एक हात, मग एकामागून एक डोशांच्या रांगा. आत लाल चटणी फासलेली, वर लोणी सोडलेलं. आम्हा कोल्हापूरच्या माणसांना सांबार गोड लागलं, ते ताईने तीनदा बोलून दाखवलं आणि दोनदा मागून घेतलं.

तिथली माझी आवडती बशी चौचौ बात. एका बाजूला खारा बात, म्हणजे आपला उपमा, आणि दुसऱ्या बाजूला केसरी बात, म्हणजे तूप सुटलेला केशरी शिरा. वाटीने पाडलेल्या दोन मुदी शेजारी शेजारी. आपल्याकडे दोन्ही पदार्थ घरोघरी होतात. पण एका बशीत, एका वेळी, सकाळी आठला? आपण शिऱ्याला सत्यनारायणाची वाट बघायला लावतो.

एक गोष्ट मात्र चटकन लक्षात आली. खाणं होतं पाच-सात मिनिटांत. कॉफीसुद्धा ‘बाय टू’, म्हणजे एक घेऊन दोघांत अर्धी अर्धी. घोट संपला की माणूस निघाला. मागे दुसरा बशी घेऊन उभाच असतो. मग ही माणसं गप्पा मारतात कुठे?

त्याचं उत्तर लालबागेत मिळालं. हैदर अलीने १७६० साली सुरू केलेली आणि टिपूने वाढवलेली ही बाग आज २४० एकरांची आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर बांधलेलं १८८९चं काचघर प्रेक्षणीय आहेच, पण आम्ही जास्त रमलो त्या खडकावर. बागेतच एक उघडाबोडका प्रचंड खडक आहे, त्याचं वय सुमारे ३०० कोटी वर्षं. माथ्यावर हे शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या नावाचा छोटा मनोरा. कुणी पळत चढतंय, कुणी पोरांना घसरू नको म्हणून ओरडतंय, आणि बाकीचे निवांत बसलेत. बाकांवर निवृत्त मंडळींचे अड्डे. पाच मिनिटांत डोसा संपवणारी हीच माणसं इथे तास तास हलत नाहीत. ताईने खडकावर फतकल मारली, तळहात टेकवला आणि म्हणाली, “हे बरं. माझ्याहून म्हातारं काहीतरी भेटलं.”

बागेतली झाडं बघताना एक आपल्याकडचा धागा हाती लागला. क्रुंबिगेल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली हिंदुस्थानात आला तो बडोद्याला, सयाजीराव महाराजांच्या पदरी. पुढे तो म्हैसूर संस्थानात गेला आणि लालबागेचा कारभार बघू लागला. शहरात कायम काही ना काही फुललेलं असावं, एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा यावा, अशा बेताने त्याने झाडं लावली. आम्ही जानेवारीत गेलो होतो, तेव्हा रस्त्यारस्त्यावर टॅबेबुयाची गुलाबी फुलं होती. त्यानंतर जॅकरंडाची जांभळी, मग गुलमोहर. रस्त्याकडेची झाडं म्हणजे रुंदीकरणातला अडथळा असं धरून चालणाऱ्या आपल्या नगरपालिकांनी एकदा तरी ही सहल काढावी.

आता ओघात आलंच आहे म्हणून सांगते, बंगळूर एकेकाळी शहाजीराजांची जहागीर होतं. पुढे व्यंकोजीराजांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांशी या गावाचा सौदा ठरवला, ३ लाख रुपयांना. हे ऐकून भाची हेडफोन काढून म्हणाली, “माझ्या फ्लॅटचं डिपॉझिटच तेवढं आहे.”

बसून खायची ठिकाणंही आहेत, नाही असं नाही. लालबागेजवळचं एमटीआर, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स, १९२४पासूनचं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रवा इडली आपणच काढली, असं ते सांगतात. तिथे डोशाबरोबर छोट्या वाटीत पातळ तूप येतं, आणि ते वर ओतायचं की त्यात बुडवायचं यावर आमच्यात दुमत झालं. गांधी बाजारातल्या १९४३च्या विद्यार्थी भवनात वाढपी एका हातावर डोशांच्या बशांची उतरंड घेऊन येतो, भिंतींवर कन्नड साहित्यिकांची रेखाचित्रं. पण बसायला खुर्ची मिळेपर्यंत बाहेर उभं राहावं लागतंच, त्यामुळे ताईच्या हिशेबात दोन्हीकडे सारखंच.

तिला खरं जिंकलं ते शंकरपुरममधल्या ब्राह्मिन्स कॉफी बारने. इथे टेबलाचीही भानगड नाही. इडली, वडा, खारा बात, केसरी बात, कॉफी, चहा; यादी संपली. सांबार नाहीच. “तिथे सांबार मागू नका हं, हसतील,” असं भाचीने आधीच सांगून ठेवलं होतं. चटणी मात्र हवी तितकी. एक माणूस पळीने ती वाढायला उभा, बशी पुढे केली की इडली बुडेल इतकी ओततो. लोक फुटपाथच्या कडेवर, पायरीवर, स्कूटरच्या सीटवर, जागा मिळेल तिथे. ताईनेही एका पायरीचा कोपरा पकडला. पर्स मांडीवर, पर्सवर बशी. चौथ्यांदा चटणी घेऊन आली तेव्हा पळीवाला तिच्याशी कानडीत बराच वेळ काहीतरी बोलला, ती मराठीत बोलली, आणि दोघांचं एकमत झालेलं दिसलं.

संध्याकाळी व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत गेलो. हिवाळ्यात बंगळूरवर अवरेकाई राज्य करते. आपल्या पावट्याचीच ही जात. ओले दाणे भिजवून चिमटीत दाबायचे आणि साल काढून टाकायची. असे सोललेले हिरवट दाणे ढिगाने विकायला ठेवलेले. ते डोशावर पेरतात, उपम्यात घालतात, तळून चिवडा करतात. जिलबीतसुद्धा घालतात म्हणे, तिथे मात्र मी हात जोडले. ताई त्या ढिगासमोरून हलेना. तिने आयुष्यभर डाळिंब्या सोलल्या आहेत. मूठभर दाणे उचलून, एकालाही साल चिकटलेली नाही याची खात्री करून ती म्हणाली, “हे कुणाचे अंगठे आहेत, त्यांना भेटायला पाहिजे.” आमच्यात त्या गल्लीवर सगळ्यात नेमकं तीच बोलली.

कब्बन पार्क थोडक्यात उरकते, कारण तिथे आम्ही काहीच केलं नाही. १८७०च्या सुमाराची ही बाग शहराच्या ऐन मध्यावर. बांबूची बेटं, लाल रंगाचं वाचनालय. शनिवारी सकाळी झाडाखाली चटया टाकून कितीतरी माणसं पुस्तकं वाचत पडलेली असतात, कुणी कुणाशी बोलत नाही. ताईने जवळच्या बाकावर अर्धा तास डुलकी काढली. तिकडे कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

परतायच्या आदल्या दिवशी बसवनगुडीत एका आजोबांनी वेगळंच खूळ डोक्यात भरवलं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथल्या मोठ्या नंदीच्या देवळाबाहेर शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिशे. शेतकरी नव्या शेंगा आधी बसवण्णाला वाहतात, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना कच्च्या, उकडलेल्या, भाजलेल्या शेंगांचे ढीग लागतात. शेंगा म्हटल्यावर ताई लगेच पुढच्या कार्तिकाची तारीख काढायला बसली.

“तिथे उभं राहून खायचं की बसून?” मी विचारलं.

“चालत,” ती म्हणाली. “आणि टरफलं टाकायला पिशवी तू घ्यायची.”