गौताळ्याच्या वाटेवर नानांचा आवाज

मराठवाड्यातल्या गौताळा अभयारण्यात शिरल्यावर थोड्याच वेळात मोबाईलची रेंज जाते. म्हणजे जंगलाबद्दल जे कळून घ्यायचं ते एकतर घरून वाचून जायचं, नाहीतर सोबत माहीतगार माणूस हवा. पावसाळ्यातल्या रविवारी कन्नडच्या बाजूने येणारे लोक पाहिले, तर बहुतेक जण तळ्यापर्यंत जातात, डबा खातात, फोटो काढतात आणि परत फिरतात. वाटेत सालई, धावडा, अंजन, मोह मागे पडलेले असतात, चंदन नाला ओलांडलेला असतो. पण दाखवणारं कुणी नसतं. मी संभाजीनगरला भूगोल शिकवते, माहेर कन्नड तालुक्यातलं. हे जंगल मी लहानपणापासून पाहत आले आहे, म्हणून ही गोष्ट मनाला फार लागत होती.

अमेरिकेतल्या यलोस्टोन, योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानांसाठी बोलक्या वाटाड्याची ॲप मिळतात. दौरा घरच्या वायफायवर उतरवून घ्यायचा. गाडी ठरलेल्या जागी आली की फोनमधलं जीपीएस ते ओळखतं आणि त्या जागेची माहिती आपोआप सुरू होते. नेट लागत नाही, कारण जीपीएसचा संकेत मोबाईलच्या टॉवरकडून येत नाही, थेट उपग्रहांकडून येतो. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या माझ्या भाच्याने मला हे समजावलं आणि म्हणाला, "मावशी, गौताळ्याचा असा दौरा आपणच करू. आयझी ट्रॅव्हल नावाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट करता येतो." नकाशावर ठिकाण टाकायचं, भोवती एक वर्तुळ आखायचं, त्याला आवाजाची फाईल जोडायची. ऐकणारा त्या वर्तुळात आला की फाईल वाजते.

मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान नाही. गौताळा औट्रमघाट हे 1986 साली जाहीर झालेलं अभयारण्य आहे. सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेवरचं हे सुमारे 260 चौरस किलोमीटरचं पानगळीचं जंगल जास्त करून मराठवाड्याकडे आणि थोडं खानदेशाकडे उतरतं. भेकर, नीलगाय, अस्वल, बिबट्या, कोल्हा, मोर हे सगळं इथे आहे. परदेशातल्या उद्यानाइतकी माहिती या जंगलाकडेही आहे, फक्त ती कागदावर कमी आणि माणसांच्या डोक्यात जास्त आहे.

त्यातला एक माणूस म्हणजे नाना. जंगलाच्या कडेच्या गावात राहणारे, भिल्ल समाजातले, सगळं आयुष्य गुरांमागे या डोंगरात काढलेले. मी पहिल्यांदा त्यांना विचारलं ते साहजिकच बिबट्याबद्दल. ते म्हणाले, "बाई, बिबट्या कुठं दिसंल ते म्या सांगत नसतो. पानी कुठं हाय ते सांगतो. पान्यावर समदे येत्यात." त्या एका उत्तरावर आमच्या दौऱ्याची वाट ठरली. प्राण्यांच्या मागे न जाता पाण्याच्या मागे जायचं: चंदन नाला, सीतान्हाणी, गौताळा तळं, आणि पाऊस संपल्यावरही जिथे ओल टिकते त्या घळी.

रेकॉर्डिंग जागेवरच केलं. खोलीत बसून नाना पाच शब्दांत गप्प होतात आणि झाडाखाली उभे केले की थांबत नाहीत, हे लगेच लक्षात आलं. साधा फोनच वापरला. वारा घोंगावू नये म्हणून माईकच्या तोंडावर सुती ओढणीची दुहेरी घडी धरली की आवाज छान येतो. सकाळी लवकर गेलं तर वाराही कमी असतो आणि मागे पाखरं येतात. ती मी मुद्दाम राहू दिली.

कांडोळाजवळचं बोलणं मला सगळ्यांत आवडतं. पांढऱ्या गुळगुळीत सालीचं, थंडी-उन्हाळ्यात निष्पर्ण उभं असणारं हे झाड उतारावर, खडकात वाढतं. नाना त्याच्या बुंध्यावर हात ठेवून बोलतात: "ह्याला घाव घातला की डिंक येतो. पर घाव किती घालायचे ते ठाऊक पायजे. लोभ केला तर झाड बसतं." डिंकासाठी वारेमाप खाचा घातल्याने कांडोळाची झाडं भारतात ठिकठिकाणी मेली आहेत, ही माहिती मी त्यांच्या बोलण्यानंतर माझ्या आवाजात जोडली. सालईजवळ ते ऐकणाऱ्याला खाली पडलेलं पान चुरगळून वास घ्यायला सांगतात. धुपासारखा वास येतो, कारण सालईचा चीक धुपातच वापरतात. झाडावरचं पान तोडू नका, हे त्यांनीच दोनदा बजावलं आहे आणि मी दोन्ही वेळा ठेवलं आहे.

औट्रम घाटाबद्दल दोन आवाज आहेत. मी सांगते की खानदेशात 1825 साली भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने हा घाट ओळखला जातो. त्यावर नाना म्हणतात, "साहेब आला त्याच्या आधी आमच्या माणसांची वाट हितनंच खाली जायची." दोन्ही एकापाठोपाठ ऐकायला मिळतात आणि मला ते तसंच हवं होतं.

काय गाळायचं हे ठरवणं लिहिण्यापेक्षा अवघड होतं. पाटणचा 1207 सालचा शिलालेख मला पाठ आहे: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, ही नोंद त्यात आहे. पण ते पाटणादेवीचं देऊळ घाटाखाली, चाळीसगावच्या बाजूला आहे. तळ्याकाठी उभ्या माणसाला डोळ्यांपुढे नसलेल्या शिलालेखाबद्दल ऐकवून काय मिळणार? नियम असा केला की समोर दिसतं, ऐकू येतं किंवा हाताला लागतं तेवढंच बोलायचं. प्रत्येक क्लिप मिनिटभराच्या आत आणि दोन क्लिपांमध्ये भरपूर शांतता. जंगलात सतत बोलणारं ॲप मला नको होतं. काही ठिकाणी क्लिप फक्त एवढंच सांगते: "गाडी बंद करा, कानातलं काढा, आता ऐका."

वाघाची क्लिप मात्र ठेवावीच लागली, कारण ते प्रत्येक जण विचारतो. मार्च 2021 मध्ये इथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, वाघ आला. अंगावरचे पट्टे जुळवल्यावर तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आल्याचं कळलं. मधे सलग जंगल नाही. कापसाची शेतं, नाले, माळ, रस्ते हे सगळं ओलांडून तो आला. मी त्या क्लिपमध्ये वाघापेक्षा या वाटेबद्दल जास्त बोलले आहे. शेतांमधल्या झाडीच्या पट्ट्या आणि ओढ्यांकाठची झुडपं टिकली तरच अशी जनावरं एका जंगलातून दुसऱ्यात जातील.

आता वर्तुळांबद्दल, कारण हे काम करू पाहणाऱ्यांना याचाच उपयोग होईल. गाडी ताशी 20 किलोमीटरने चालली तर सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणजे 40 सेकंदांची क्लिप संपेपर्यंत गाडी 220 मीटर पुढे गेलेली असते. म्हणून वर्तुळ झाडावर न ठेवता झाडाच्या बरंच अलीकडे ठेवलं, आणि जिथे उतरून बघायचं आहे तिथे क्लिपच्या पहिल्याच वाक्यात "पुढे गाडी बाजूला घ्या" असं म्हटलं. वर्तुळ फार लहान केलं तर फोन ते चुकवतो. मोकळ्यावरही फोनचं जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे दाखवतंच. शिवाय लोक त्याच रस्त्याने परत येतात. तेव्हा "डावीकडे पाहा" म्हणून चालत नाही, "तळ्याच्या बाजूला", "डोंगराच्या अंगाला" असं म्हणावं लागतं. नाना तसंच बोलत होते, त्यामुळे त्यांच्या क्लिपांना हात लावावा लागला नाही.

पितळखोऱ्याच्या लेण्यांना वेगळंच गणित आहे. कन्नडहून तिकडे जायचा रस्ता निराळा. वर पठारावर गाडी लावून पायऱ्यांनी खाली दरीत उतरायचं. कड्याच्या पोटात आकाशाचा थोडाच तुकडा दिसतो, उपग्रह कमी सापडतात, त्यांचे संकेत कड्यावर आपटून येतात आणि नकाशावरचा ठिपका भलतीकडे उडी मारतो. म्हणून तिथल्या क्लिपा आपोआप वाजणाऱ्या न ठेवता बोट लावून सुरू करायच्या ठेवल्या. हे ऐकणाऱ्याला पायऱ्यांच्या तोंडाशी, वरच सांगून ठेवलं आहे.

या लेण्यांवर मी हात सैल सोडला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात इथे कोरकाम सुरू झालं, म्हणजे अजिंठ्याच्या सगळ्यांत जुन्या लेण्यांच्या काळात. इथला खडक ठिसूळ, खूप काही ढासळलं आहे, तरीही हत्तींची रांग आणि दाराशी उभे द्वारपाल पाहून माणूस थबकतो. पण क्लिपमध्ये मी थांबले ते नावांपाशी. चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, आणि त्यांत प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला मितदेव आहे. दुसरीकडे मगिल नावाच्या राजवैद्याचं आणि त्याच्या मुलांचं नाव आहे. इथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने केल्याचं कोरलेलं आहे. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गंधाचा व्यापारी, वैद्य, सोनार: या माणसांनी हा डोंगर कोरून घेतला. पैठणच्या मुलांना हे ऐकवावं, एवढ्यासाठीसुद्धा हा खटाटोप मी पुन्हा करीन.

दौरा सगळ्यांना खुला करण्याआधी एक गोष्ट वनविभागाच्या कर्मचाऱ्यांना विचारून घेतली: काय दाखवायचं नाही. घुबडाची ढोली, अस्वलाची गुहा, चंदनाची उभी झाडं यांपैकी काहीही नकाशावर टाकलेलं नाही. मराठवाड्यात चंदनचोरी होते, आणि नेमकं ठिकाण दाखवणारा ठिपका चोरालाही तितकाच कामाचा असतो. नानांच्या एका सुंदर क्लिपमध्ये चंदनाच्या झाडाचा पत्ता होता. ती माझ्याकडे आहे, दौऱ्यात नाही.

बाहेरच्या माणसाच्या नजरेतून पाहावं म्हणून दिवाळीनंतर आम्ही पूर्ण दौरा घेतला. भाचा गाडी चालवत होता, मागे मी आणि सासूबाई. कन्नडला चहाला थांबलो तेव्हाच फोन तयार केला: दौरा उतरवलेला आहे ना ते पाहिलं, नकाशा उघडून ठिपका नीट बसेपर्यंत थांबलो. रेंज असताना फोन उपग्रहांची स्थिती पटकन मिळवतो. जंगलात पहिल्यांदा उघडलं तर बराच वेळ लागतो. मग विमान मोड लावला, म्हणजे फोन रेंज शोधत बॅटरी संपवत नाही आणि जीपीएस चालू राहतं. बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चालणारं ॲप बंद पाडलं जातं, ती मुभा सेटिंगमध्ये जाऊन आधीच द्यावी लागते. प्रवेशद्वारावर नोंद केली, शुल्क भरलं आणि काचा खाली केल्या. आवाज गाडीत हळू ठेवला. उतरल्यावर एकाच कानात इअरफोन, दुसरा कान जंगलासाठी मोकळा. ही सूचना दौऱ्याच्या पहिल्याच क्लिपमध्ये आहे.

सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं. आजवर त्या अशा सहलीत गाडीतच बसून राहायच्या. सालईपाशी नानांचा आवाज आला तशी त्यांनी स्वतःहून दार उघडलं, मला पान उचलून द्यायला सांगितलं आणि चुरगळून वास घेतला. "हा आमच्या देवघरातला वास," म्हणाल्या. कांडोळाच्या सालीवर त्यांनी दोन्ही हात फिरवले. पुढे तळ्याकाठी "कानातलं काढा" ही क्लिप संपल्यावर आम्ही तिघं बसून राहिलो. टिटवी कोणत्या बाजूला ओरडतेय हे त्यांनीच पहिलं सांगितलं. ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी असा दौरा किती मोलाचा आहे, हे त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर हाताने चाचपता येतील अशी आणखी काही झाडं मी वाटेत घेतली.

भाच्याने गाडी चालवता चालवता तीन क्लिपा उशिरा सुरू होतात असं टिपलं. त्यांची वर्तुळं आता अलीकडे सरकवली आहेत. सीतान्हाणीची क्लिप पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळी हवी, कारण पाणी आटल्यावर धबधब्याचं वर्णन ऐकणाऱ्याला फसवल्यासारखं वाटेल. पळस आणि मोहाच्या फुलांबद्दल नाना फुलं आल्यावरच बोलणार आहेत, तेव्हा त्या दोन क्लिपा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतील.

त्यानंतर धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटाचा दौरा करायचा आहे. डिसेंबर 2024 मध्ये टिपेश्वरचा आणखी एक वाघ तिथवर पोचला. तिथल्या जंगलात गुरं राखलेलं, झाडं ओळखणारं, पाण्याच्या जागा ठाऊक असलेलं माणूस तुमच्या घरात किंवा गावात असेल, तर त्यांच्याशी आधी तुम्ही बोला आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. वर्तुळं आखायचं काम मी आणि भाचा करू.