आमची वाटचाल: बांबू, वही आणि नऊ इंच

शिरवळला 2009 साली एक जुना घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि एक लोबेड (जमिनीलगतचा बुटका ट्रेलर) घेऊन आम्ही धंद्याला लागलो. आज तीन ट्रेलर आणि सहा माणसं आहेत. काम तेच: साखर कारखान्यांचे बॉयलर ड्रम, पॅन (रस उकळायची मोठी भांडी), मिलचे रोलर फलटण, माळशिरस, पंढरपूर भागात पोचवायचे.

सुरुवातीला भाडं सांगताना मी फक्त किलोमीटर आणि डिझेल धरायचो. 2011 च्या सप्टेंबरात साडेचार मीटर रुंदीचा पॅन घेऊन निघालो. फलटणच्या पुढे मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून गाडी आतल्या रस्त्याला घातली. रस्ता सरळ, डांबर नवं. पण कालव्याच्या फाट्यावर एक छोटा उंचवट्याचा पूल होता. घोडा चढून पलीकडे उतरला आणि लोबेडचं बूड मधेच टेकलं. आमच्या बेडखाली जमिनीपासून जेमतेम नऊ इंच मोकळे असतात. चौदा तास गाडी तिथेच. शेजारच्या वस्तीवरून लाकडी ओंडके आले, एका आजींनी सगळ्यांना पिठलं-भाकरी दिली. जॅक लावून चाकांखाली ओंडके सरकवत गाडी इंच-इंच बाहेर काढली. त्या खेपेचं भाडं दंडात गेलं, पण त्या वस्तीचे उपकार आजही डोक्यावर आहेत.

तेव्हापासून रस्ता स्वतः पाहिल्याशिवाय मी भाडं सांगत नाही. बोलेरोच्या टपावर बांबू उभा बांधतो, मालाच्या उंचीपेक्षा एक फूट जास्त, टोकाला लाल फडकं. फडकं कशाला लागलं की उतरायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. रस्ता ओलांडणारी तार नियमाने 5.8 मीटरच्या खाली नको, पण वाड्या-वस्त्यांवर घरात गेलेल्या तारा खूप खाली लोंबतात. उन्हाने तार आणखी सैल पडते. जानेवारीच्या सकाळी सुटलेलं फडकं मे महिन्याच्या दुपारी अडकतं. म्हणून उन्हाळ्यातल्या खेपेसाठी आम्ही दुपारी दोनलाच मोजतो. गावोगावच्या स्वागत कमानींचं तर वेगळं पानच आहे. पुणे-मिरज रेल्वेमार्गाचं विद्युतीकरण झालं आणि फाटकांवर उंच माल विजेच्या तारेपर्यंत जाऊ नये म्हणून 4.67 मीटर उंचीच्या चौकटी आल्या, तेव्हा वहीतले कितीतरी जुने रस्ते खोडावे लागले.

पुलांकडे खरं लक्ष 2 ऑगस्ट 2016 नंतर गेलं. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, त्या रात्री आम्ही कुणीच जेवलो नाही. आपण अशाच दगडी कमानींवरून किती वजन नेलं, हेच डोळ्यांपुढे येत होतं. आता जुना पूल दिसला की बांधकाम विभागात जाऊन लेखी विचारतो. उत्तर येईपर्यंत माल हलत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

पुण्याहून माल घेऊन माळशिरसकडे जायला नकाशा दिवे घाट दाखवतो. त्या वळणांना घोडा निघतो, पण मागचे एक्सल आतून कापत कठड्याला जातात. म्हणून आम्ही महामार्गाने शिरवळ, तिथून लोणंद, फलटण, नातेपुते असं जातो. खंबाटकीचा चढही लागत नाही. ऊस सुरू झाला की मात्र हाच रस्ता अवघड. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकींना मागे लाल दिवा नाही. म्हणून गाळप सुरू असताना रात्री गाडी चालवायची नाही, हे चालकमामांना पक्कं सांगितलेलं आहे. आणि माउलींची पालखी त्या वाटेवर असते तेव्हा एकही खेप घेत नाही. ते दिवस वारकऱ्यांचे.

गेल्या आठवड्यात नातेपुत्याच्या अलीकडे एका गावात नवी कमान उभी राहताना दिसली. खांब झाले होते, वरचा स्लॅब बाकी होता. सरपंचांना वही दाखवली, फडकं दाखवलं. त्यांनी मिस्त्रीला तिथेच बोलावून घेतलं आणि खांब दीड फूट वर न्यायला सांगितलं. परवा पुन्हा बांबू घेऊन तिकडे जायचं आहे.