जीटीए सिक्सच्या आधी

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार, नाशिक

पुन्हा पुढं ढकलला. काल मध्यरात्रीनंतर रॉकस्टार या गेम कंपनीनं जाहीर केलं की जीटीए सिक्स, म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या व्हिडिओ गेमचा सहावा भाग, आता २६ मे ऐवजी १९ नोव्हेंबर २०२६ ला येणार. सकाळी फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर भाच्याचा मेसेज आलेलाच होता : "मामा, बघ, आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला, तोही जीटीए सिक्सच्या आधी!" रविवारी रात्री डी. वाय. पाटील स्टेडियमवरची ती मॅच आम्ही सगळ्यांनी एकत्र पाहिली होती. त्याच्या त्या एका ओळीनं गेम लांबल्याचं वाईट वाटणं निम्मं कमी झालं.

हा विनोद माझ्या फार जवळचा आहे. जीटीए फाइव्ह आला १७ सप्टेंबर २०१३ ला. नवा भाग तयार होतोय एवढं कबूल करायला रॉकस्टारला फेब्रुवारी २०२२ उजाडला. एवढ्या काळात जगात जे जे घडलं त्याला लोकांनी एकच शेपूट जोडलं, 'बिफोर जीटीए सिक्स'. नवे पोप निवडले गेले, जीटीए सिक्सच्या आधी. ज्या 'सिल्कसाँग'ची वाट बघत लोकांची वर्षं गेली तो गेमसुद्धा सप्टेंबरमध्ये आला, जीटीए सिक्सच्या आधी. ३ जूनला आरसीबीनं अठराव्या मोसमात पहिल्यांदा आयपीएल जिंकली, तेव्हा तर माझ्या फोनवर दुसरं काही येतच नव्हतं. गेल्या महिन्यात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, मेट्रो तीन थेट कफ परेडपर्यंत गेली, आणि आमच्या ग्रुपवर दोन्हींची वर्णी लागली. मुंबई-गोवा महामार्गाचं नाव निघालं की मात्र वाद पेटतो. भाचा म्हणतो आधी गेम, माझी बहीण म्हणते आधी रस्ता. तिचं सासर चिपळूणचं, त्यामुळे ती हे अगदी मनापासून म्हणते.

पण यातली माझ्या लक्षात राहिलेली ओळ वेगळीच आहे. मे महिन्यात पहिल्यांदा तारीख पुढं गेली, तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर असेच मेसेज चालले होते. कुणी लिहिलं, लग्न झालं जीटीए सिक्सच्या आधी. कुणी लिहिलं, मुलगी पहिलीत गेली. मग एका मित्राचा मेसेज आला : "बाबा गेले, जीटीए सिक्सच्या आधी. व्हाइस सिटीची सीडी त्यांनीच आणून दिली होती." व्हाइस सिटी म्हणजे जीटीएचाच जुना भाग. पाच-दहा मिनिटं ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. मग एकानं त्या सीडीबद्दल विचारलं आणि तो सांगत गेला. बाबांना गेममधलं काही कळत नसे, पण ते मागे खुर्ची टाकून बसायचे आणि गाडी सिग्नलला का थांबवत नाहीस म्हणून रागवायचे. त्या रात्री आम्ही सगळे बारा-एकपर्यंत जागे होतो. पँझर टाइप केलं की समोर रणगाडा उभा राहायचा, चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असायचे, आणि त्या रिमोटच्या हेलिकॉप्टरच्या मिशनवर निम्म्या वर्गाचं घोडं अडलेलं असायचं. हे सगळं निघालं ते एका मीममुळे. बारा वर्षांत काय मिळवलं, काय गमावलं, हे एरवी आम्ही मित्र एकमेकांना विचारत नाही. या एका ओळीच्या आडोशानं ते बोलता येतं.

चंद्राचा किस्साही लिहून ठेवतो. रॉकस्टारनं टाकलेल्या एखाद्या चित्रात चंद्र दिसला की लोक त्याची कला मोजतात, पंचांग बघितल्यासारखी तारीख काढतात आणि त्या दिवशी ट्रेलर येणार म्हणून ठासून सांगतात. ट्रेलर काही त्या दिवशी येत नाही. परवा त्रिपुरी पौर्णिमा होती. गोदाघाटावर दिवे बघत असताना भाच्यानं चंद्राचा फोटो काढला आणि 'तारीख पक्की' म्हणून मित्रांना पाठवला. दोनच दिवसांत खरीच तारीख आली, फक्त उलट्या दिशेनं! ट्रेलरची तीच तऱ्हा. पहिला ५ डिसेंबर २०२३ ला यायचा होता, तो आदल्याच दिवशी फुटला म्हणून कंपनीला घाईघाईनं स्वतःच टाकावा लागला, आणि चोवीस तासांत तो नऊ कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. दुसऱ्या ट्रेलरमधली, गेमचा नायक जेसनच्या हातातली बिअरची बाटली घ्या. तिच्यातले बुडबुडे कसे वर चढतात यावर लोकांनी काय काय लिहिलं! मीही ती फ्रेम थांबवून बघितली. काचेवरचे थेंब, त्यातून दिसणारा उजेड. एवढं काम कुणीतरी बसून केलंय.

तो दुसरा ट्रेलर आला ६ मेच्या संध्याकाळी. त्याच रात्री ऑपरेशन सिंदूर झालं. पुढचे तीन-चार दिवस 'जीटीए सिक्सच्या आधी युद्ध' अशा मीम्सचा नुसता पाऊस होता. मी एकही पुढं पाठवलं नाही आणि भाच्यालाही नको म्हणालो. आमच्या गल्लीतला एक मुलगा तेव्हा सीमेवर होता आणि त्याची आई दिवसभर टीव्हीसमोरून हलत नव्हती. भाचा म्हणाला, "मामा, भीती वाटते म्हणूनच पोरं असं लिहितात." त्याचंही खरं असेल. तरी मला ते रुचलं नाही, आजही रुचत नाही.

दुसरा न रुचणारा विनोद आज सकाळपासून फिरतोय, 'तिकडे झोपा काढतायत' हा. २०१८ मध्ये रेड डेड टू हा आधीचा गेम संपवताना रॉकस्टारमधल्या लोकांनी किती तास घातले, ते तेव्हा जगभर छापून आलं होतं. आत्ता गेल्या आठवड्यात रॉकस्टारनं ब्रिटन आणि कॅनडातल्या तीस-चाळीस जणांना काढलं. युनियन म्हणते, संघटना बांधत होते म्हणून. कंपनी म्हणते, गोपनीय माहिती बाहेर दिली म्हणून. काल एडिंबरोच्या ऑफिसबाहेर निदर्शनं झाली, आणि कालच ही नवी तारीख आली. बंगळुरातही रॉकस्टारचं मोठं ऑफिस आहे. तिथं भाच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी पोरं रोज कामाला जात असतील. सहा महिने जास्त मिळाल्यानं त्यांना रात्री घरी जाता येणार असेल तर मी आनंदानं थांबेन.

संध्याकाळी भाच्याचा पुण्याहून फोन आला. १९ नोव्हेंबर २०२६ ला गुरुवार आहे, दिवाळी झालेली असेल आणि इंजिनिअरिंगची परीक्षा तोंडावर असेल, हे सगळं त्यानं आधीच बघून ठेवलंय. गेम सध्या फक्त प्लेस्टेशन फाइव्ह आणि एक्सबॉक्सवर येणार आहे. फाइव्हला पीसीवर यायला एप्रिल २०१५ उजाडला होता, म्हणून पीसीवाल्यांचे विनोद निराळे. तितकं थांबायची त्याची तयारी नाही. प्लेस्टेशन अर्ध्या-अर्ध्या पैशांत घेऊ म्हणतोय. परीक्षा होईपर्यंत मशीन नाशिकला राहील या अटीवर मी हो म्हटलंय. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे लुसिया आधी तुला भेटणार!" लुसिया म्हणजे या गेमची नायिका. आणि हे खरंच तसं होणार आहे. मी त्या आठवड्याची रजा आत्ताच ठरवून टाकली आहे.