जुना एफएम ॲम्प्लिफायर एसएसबीला लावताना

हॅम रेडिओच्या दोन मीटर बँडचा (सुमारे १४५ मेगाहर्ट्‌झ) जुना घरगुती ॲम्प्लिफायर उघडला की आत बऱ्याचदा क्यूक्यूई०६/४० हा व्हॉल्व्ह बसलेला असतो. एकाच काचेत दोन टेट्रोड (कॅथोड, ग्रिड, स्क्रीन आणि प्लेट असलेले व्हॉल्व्ह), डोक्यावर शिंगांसारख्या दोन प्लेट पिना. एफएमसाठी क्लास-सी मध्ये तो आजही चोख चालतो. त्याच डब्यात एसएसबी (सिंगल साइडबँड, जिथे सिग्नलची ताकद आवाजाबरोबर कमी-जास्त होते) सोडली की आवाज तुटतो. हळू उच्चारलेली अक्षरं गायब होतात आणि जोराची तेवढी पलीकडे पोचतात, कारण ग्रिडवरचा सिग्नल बायस (ग्रिडला दिलेला स्थिर निगेटिव्ह व्होल्टेज) ओलांडेपर्यंत क्लास-सी चा व्हॉल्व्ह जागाच होत नाही. अशा वेळी प्लेटचा कंडेन्सर तासन्‌तास फिरवण्यात काही अर्थ नाही. दुरुस्ती ग्रिड आणि स्क्रीनवर करायची आहे.

आधी ग्रिड. जुन्या जोडणीत ग्रिड कॉइलच्या मध्यातून एक रेझिस्टर जमिनीला गेलेला असतो आणि ड्राइव्हच (आत येणारा सिग्नल) स्वतःचा बायस तयार करतो. तो काढा आणि बाहेरून पक्का निगेटिव्ह बायस द्या. हीटर १२.६ व्होल्टला जोडलेला असेल (दोन टोकांना पुरवठा, मधली पिन मोकळी), तर त्याच वाइंडिंगवर १२-०-१२ चा लहान ट्रान्सफॉर्मर उलटा लावा. बाहेरच्या दोन टोकांना १२.६ व्होल्ट दिले की २३० च्या बाजूला शंभराच्या वर एसी मिळतो. १एन४००७, ४७ मायक्रोफॅरॅड २५० व्होल्टचा कंडेन्सर, मग १० के (किलोओहम) १ वॅटचा रेझिस्टर आणि ६८ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा डायोड). कंडेन्सरची प्लस बाजू चेसिसला जाते. इथे सवयीने उलटी जोडणी होते आणि कंडेन्सर फुटतो.

झेनरच्या निगेटिव्ह टोकापासून १० के, १० के चा पॉट (फिरवता येणारा रेझिस्टर), आणि पुन्हा १० के जमिनीला. पॉटवर साधारण उणे २३ ते उणे ४५ व्होल्ट मिळतात. खालचा १० के थेट जमिनीला न लावता पीटीटीच्या (बोलताना दाबायचं बटण) रिलेतून न्या. पीटीटी सोडली की ग्रिड सरळ उणे ६८ वर जाते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो आणि ऐकताना त्याची सळसळ येत नाही. आणखी एक रेझिस्टर विसरू नका: पॉटच्या मधल्या टोकापासून निगेटिव्ह बाजूला १०० के. पॉट जुना होऊन मधलं टोक सुटलं, तर बायस शून्यावर न येता उणे ६८ कडे ओढला जातो. या एका रेझिस्टरने व्हॉल्व्ह वाचतो.

स्क्रीनला आता हलणारा व्होल्टेज चालणार नाही. बोलताना स्क्रीनचा करंट सतत बदलतो. नुसत्या ड्रॉपर रेझिस्टरवर तिचा व्होल्टेजही नाचतो आणि आवाज फाटतो. ७५ व्होल्ट ५ वॅटचे तीन झेनर (१एन५३७४बी) सिरीजमध्ये लावा, म्हणजे २२५ व्होल्ट. मर्यादा २५० ची आहे. एचटीपासून (प्लेटचा उच्च व्होल्टेज) तिथपर्यंत १२ के, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर. ५५० व्होल्टला त्यातून २७ मिलिअँपिअर जातात आणि तो चांगलाच तापतो, म्हणून इलेक्ट्रोलिटिकपासून लांब ठेवा. प्लेटची एचटी तुटली आणि स्क्रीनची चालू राहिली, तर स्क्रीन लाल होऊन जाते. प्लेट चोकचा सांधा नीट तपासा.

एचटी ५५० च का? या व्हॉल्व्हची मर्यादा ६०० आहे. रात्री लाईट २३० वरून २५० व्होल्टला चढली की ५५० चे ५९८ होतात. ६०० धरून बांधलेल्या पुरवठ्यावर तेच ६५० होतील. हीटरचंही तेच: १२.६ चे १३.७ होतात. सिरीजला ०.६८ ओहम, ५ वॅट टाका आणि व्होल्टेज सॉकेटच्या पिनांवरच मोजा.

प्लेट लाइन (कॉइलऐवजी दोन्ही प्लेटना जोडलेल्या समांतर नळ्या) मात्र मनापासून करण्यासारखी आहे. ६ मिमी तांब्याच्या दोन नळ्या, मध्य ते मध्य २५ मिमी. १४५ मेगाहर्ट्‌झला एकूण ५ पिकोफॅरॅड धरले तर हिशोबाने लांबी २३ सेंटिमीटर येते. त्यात व्हॉल्व्हच्या आतल्या तारा आणि पिना धरलेल्या आहेत, म्हणून बाहेर सुमारे २० ठेवा आणि शॉर्टिंग पट्टी (नळ्यांची दुसरी टोकं जोडणारी) सरकती करा. नळ्या पिनांना थेट कधीही आवळू नका. तापल्यावर तांबं वाढतं, काचेला पीळ बसतो आणि पिनेच्या मुळाशी केसासारखी चीर जाते. मध्ये ०.२ मिमी तांब्याची वाकणारी पट्टी हवी. पिनांना सोल्डर तर नकोच.

कोल्हापूरकरांची इथे मोठी सोय आहे. पत्रा उद्यमनगरात वाकवून मिळतो आणि चांदीसाठी हुपरी जवळच आहे. पण मुलामा देणाऱ्याला आधी सांगा: खाली निकेल नको, थेट तांब्यावर चांदी. या फ्रीक्वेन्सीला करंट वरच्या साडेपाच मायक्रॉनमध्येच वाहतो. चांदी पातळ आणि खाली निकेल असेल, तर करंट निकेलमधून जातो आणि लाइन साध्या तांब्यापेक्षा वाईट ठरते. स्वच्छ तांब्यापेक्षा चांदीचा फायदा तसा थोडाच आहे. आमच्या पावसाळ्यात तांबं काळं पडतं, म्हणून ती द्यावी.

आउटपुटचा लूप (अँटेनाकडे सिग्नल उचलणारा तारेचा वळसा) शॉर्टिंग पट्टीजवळ असतो आणि त्याच्या शेजारी ५५० व्होल्ट आहेत. लूपवर टेफ्लॉनची नळी घाला, आणि अँटेना सॉकेटवर ५० सेंटिमीटर इनॅमल तारेचा चोक जमिनीला लावा. लूप चिकटला तर एचटीचा फ्यूज उडेल, अँटेनाला हात लावणारा माणूस वाचेल. एचटीच्या प्रत्येक १०० मायक्रोफॅरॅडवर १०० के, २ वॅट हवेच. बंद केल्यावर एक मिनिट थांबा, मीटरने मोजा, मगच हात आत घाला.

चालू करताना डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावा, ड्राइव्ह देऊ नका, पॉट सगळ्यात निगेटिव्ह बाजूला ठेवा. पीटीटी दाबून पॉट हळूहळू फिरवत प्लेटचा करंट ५० मिलिअँपिअरवर आणा. आता ग्रिड आणि प्लेटचे दोन्ही कंडेन्सर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. प्लेट करंटच्या मीटरचा काटा किंचितही हलला तर व्हॉल्व्ह स्वतःच ऑसिलेट होतोय. न्यूट्रलायझेशन (प्लेटकडून ग्रिडकडे परतणारा सिग्नल रद्द करण्याची सोय) या व्हॉल्व्हच्या आतच आहे, म्हणून बाहेर तारा वळत बसू नका. स्क्रीनचा बायपास कंडेन्सर सॉकेटवरच, ५ मिमीपेक्षा लहान तारेने आहे का ते पाहा. सॉकेट इतकं खाली हवं, की आतली शील्ड चेसिसच्या पातळीत येईल. तरीही थांबत नसेल तर ग्रिड कॉइलवर १ ते २.२ के कार्बन रेझिस्टर लावा.

ड्राइव्ह देणारा ५ वॅटचा सेट २.५ वॅटवर ठेवून सुरुवात करा. ग्रिडचा करंट दिसू लागला की ड्राइव्ह जास्त झाला, मागे या. एसएसबीच्या शिखरावर १८० मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे ५५ वॅट बाहेर. एफएमवर तेवढं नको. सतत १८० चाललं तर प्लेटवर ४० वॅटच्या वर उष्णता साठते, आणि दोन्ही प्लेट मिळून मर्यादा ४० चीच आहे. एफएमला १४० वर थांबा, आणि ८० मिमीचा पंखा प्लेटच्या पिनांवर रोखलेला असू द्या.