पांढरी सहा

सोमवार, रात्री साडेअकरा

आज एकदाचं रीपर (संगीत रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) उघडलं आणि टेंपो मिनिटाला ९६ मात्रांवर ठेवला. दोन महिने 'एक सिंथवेव्ह ट्रॅक करायचाय' असं नुसतं बोलतोय. सिंथवेव्ह म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरांच्या ढंगाचं आजचं संगीत. सायली आता त्यावर हसतसुद्धा नाही.

स्वर पांढरी सहा (पेटीवरची सहावी पांढरी पट्टी), म्हणजे ए मायनर. कॉर्डही बाजारातलेच: ए मायनर, एफ, सी, जी. या चौघांवर अर्धं जग पोट भरतं, त्यात माझी भर. या प्रकारात नवे कॉर्ड शोधायला कोणी येतच नाही. सगळी मजा आवाजाच्या पोतात.

मला हे वेड उशिरा लागलं. फ्रान्समध्ये कॅव्हिन्स्की, कॉलेज वगैरे मंडळी २००० नंतरच्या दशकात ऐंशीच्या दशकातले सिंथ पुन्हा वाजवायला लागली, २०११ मध्ये 'ड्राइव्ह' सिनेमा आला आणि गुलाबी-निळ्या उजेडातले रिकामे हायवे सगळीकडे झाले. गंमत म्हणजे ती आठवण माझी नाहीच. माझ्या लहानपणी निऑन म्हणजे मिरज स्टेशनजवळच्या लॉजची पाटी, आणि तीही अर्धीच पेटायची.

यंत्रं मात्र आपल्याकडे आलेली होती. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ज्युपिटर-८, टीबी-३०३ हे सिंथ आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन त्यांवर राग वाजवले, रेकॉर्डही निघाली. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक तोंडात बोटं घालून बसले. हे आठवलं की 'हे आपलं नाही' वाली कुरकुर जरा कमी होते.

आज एवढंच. आठ मात्रांचा लूप चाळीस मिनिटं ऐकला, याला काम म्हणायचं का माहीत नाही.

मंगळवार

पॅड, म्हणजे मागे पसरलेले लांब सूर. या ट्रॅकचा जीव इथेच आहे. १९८२ च्या ज्यूनो-६० या सिंथची नक्कल करणारं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे. मूळ यंत्रात एका स्वराला एकच ऑसिलेटर (आवाज निर्माण करणारं सर्किट), त्यामुळे नुसता आवाज तसा किरकोळ. मग त्याला भरीव करायला कंपनीने कोरस बसवला: आवाजाची किंचित डुलणारी नक्कल मुळात मिसळणारं सर्किट. त्याचे प्रकार दोनच, एक आणि दोन, बाकी काही फिरवायचं नाही.

तो कोरस चालतो कसा हे आज नीट समजून घेतलं. चिपमध्ये शेकडो छोटे कपॅसिटर एका रांगेत. आवाजाचा एकेक थेंब पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. विहिरीपासून घरापर्यंत माणसं उभी करून घागरी हातोहात पाठवतात ना, तसं. नावही तेच पडलंय, बकेट ब्रिगेड. घागर पोचेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. रांगेचा वेग हळूहळू कमीजास्त केला की स्वर किंचित वरखाली डुलतो. डावीकडे वर जातो तेव्हा उजवीकडे खाली. आणि घागर हिंदकळते तसं थोडं सांडतंही: तोच तो कोरसचा 'हिस्स'.

सॉफ्टवेअरवाल्यांनी तो हिस्ससुद्धा दिलाय. बंद करायची सोय आहे, पण मी ठेवला.

पण पॅड चिखल होतोय. फिल्टर (आवाजाचा वरचा तिखटपणा छाटणारा) खाली आणला, वर नेला, कोरस काढला, घातला. चिखल तो चिखल. झोपतो.

बुधवार

ऑफिसात रिलीज. काही झालं नाही. नानाकाका आले सांगलीहून, उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन.

गुरुवार, रात्री एक

काकांचं ऑपरेशन व्यवस्थित. डॉक्टरांनी काळा चष्मा दिलाय, तो लावून हॉलमध्ये आरामात बसलेत.

मी ड्रम घेतले. लिनड्रम या जुन्या ड्रम मशीनचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले तुकडे. रॉजर लिनने १९८० मध्ये खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेलं पहिलं यंत्र काढलं, त्यात मोठ्या झांजेचा आवाजच नव्हता. झांज लांबते, आणि मेमरी तेव्हा सोन्याच्या भावाची. पुढच्या लिनड्रममध्ये झांज आली. ऐंशीच्या दशकातली गाणी अशी 'ठाक ठाक' का वाटतात त्याचं थोडं उत्तर मेमरीच्या बिलात आहे.

मग स्नेअर, म्हणजे 'ठाक' वाजणारा ड्रम. १९७९ मध्ये लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गॅब्रिएलच्या रेकॉर्डिंगला फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता. वादकांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून टांगलेल्या माइकमधून तो ड्रम घुसला. त्या माइकवर जबरदस्त कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून बारीक वर आणणारा) होता, ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगॅमने त्याला पुढे गेट लावला, आवाज उतरू लागला की तोडणारा. आवाज मोठ्या हॉलसारखा फुगतो आणि दार आपटल्यासारखा थांबतो. मी तेच केलं, रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) आणि त्यावर गेट. गेट ३१२ मिलिसेकंदांवर, म्हणजे ९६ च्या टेंपोला बरोबर अर्धी मात्रा. आधी बराच जास्त ठेवला होता, तर स्नेअर पुढच्या किकच्या (खालच्या 'धम्'च्या) अंगावर झोपत होता.

हा भाग जमला. दहा वेळा ऐकला आणि दहाही वेळा हसलो.

शनिवार, दुपार आणि रात्र

आज लिहायला खूप आहे.

दुपारी खोलीत लावून बसलो होतो. काका आले, खोलीत पडदे ओढलेले, तरी काळा चष्मा डोळ्यांवर. सिंथवेव्हच्या प्रत्येक पोस्टरवर अंधारात गॉगल घातलेला एक माणूस असतो. माझ्याकडे तो सत्तरीचा, हातात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. सांगितलं नाही त्यांना, चिडले असते.

काकांनी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवलाय. गणपती, लग्नं, साखर कारखान्यांचे वार्षिक समारंभ. त्यांना हेडफोन दिला.

पहिला प्रश्न, "हे मागं सुं सुं काय येतंय?"

म्हटलं, "काका, तो मुद्दाम ठेवलाय. जुन्या यंत्रांचा असतो तसा."

"मुद्दाम? आम्ही जन्मभर मिक्सरवाल्याच्या नावानं शिमगा केला त्यापायी!"

मग डोळे मिटून पूर्ण ऐकलं (चष्म्याआड मिटले की नाही ते कळायला मार्ग नाही, पण मान तशी होती). दुसऱ्यांदा ऐकलं. आणि म्हणाले, "बास दर वेळेला किकच्या डोक्यावर का वाजतोय रे? दोघं एकाच दारातनं घुसायला बघतायत."

मी त्यांना साइडचेन समजावून सांगितलं. किक आला की कॉम्प्रेसर बासला दाबतो, किक गेला की सोडतो. या संगीताचा तो श्वासच आहे, वगैरे. प्लगइनची सुई खाली-वर होताना दाखवली. काकांनी सुई बघितली आणि विचारलं, "मग तेवढा सूर वाजवायचाच कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका बारमध्ये (चार मात्रांत) बासचे सोळा सूर होते. प्रत्येक मात्रेचा पहिला पुसला. राहिले बारा. किक एकटा पडतो, मग बास तीन पावलं पळतो. किक, तीन पावलं. घोड्यासारखं. बासवरचा साइडचेन काढून टाकला, त्याला दाबायला काही उरलंच नव्हतं. तीन संध्याकाळी मी त्या कॉम्प्रेसरचा रिलीज (सोडायचा वेळ) पाच-पाच मिलिसेकंदांनी हलवत होतो.

चिखलाचं काय ते त्यांना विचारायचं नव्हतं, अहंकार म्हणा. पण त्यांनीच सांगितलं. "एफ लागला तरी मागचा ई वाजतोय तुझा. बोट उचल की."

बोट मी उचललेलंच आहे, ते रिलीजचं शेपूट होतं, अडीच सेकंदांचं. ए मायनरमधला ई विरत विरत एफवर येऊन घासत होता. ई आणि एफ शेजारी-शेजारी, त्यात कोरस दोघांना डुलवणार. चिखल होणारच. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खऱ्या ज्यूनोला सूर सहाच! सातवा लागला की आधी सोडलेल्या एकाचं शेपूट गेलं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ती संख्या बारा ठेवलेली, 'जास्त ते बरं' म्हणून मीच वाढवली होती. सहा केली. चार सुरांचा कॉर्ड, मागच्याचे जेमतेम दोन सूर उरतात. डाव्या हाताला दोन बोटं वाढवून सहाचा कॉर्ड केला तर मागचं शेपूट साफ कापलं जातं. आता प्रत्येक कॉर्ड बदलताना बारीकशी कड ऐकू येते, आणि हीच कड मी रेकॉर्डांवर ऐकत होतो. तिला मी इतके दिवस 'ॲनालॉग ऊब' म्हणत होतो.

रात्री त्याच नादात घंटेच्या आवाजासाठी डेक्स्ड लावलं, डीएक्स-७ या ऐंशीच्या दशकातल्या सिंथची फुकट नक्कल. सहा ऑपरेटर, बत्तीस अल्गोरिदम. एक आकडा हलवला की घंटेचं भांडं होतं, दुसरा हलवला की भांड्याचा डबा. यातलं मला अजून ओ की ठो कळत नाही. तयार प्रीसेट घेतला आणि व्हेलॉसिटी (बोटाचा जोर) कमी केली. डिले (प्रतिध्वनी) ४६९ मिलिसेकंद, पाऊण मात्रा. सुंदर.

रविवार

हेडफोनवर मिक्स केलं आणि गाडीत लावलं. दाराचं प्लास्टिक थरथरलं. सायली म्हणाली, "ट्रॅक छान आहे, पण गाडी गॅरेजला दाखव." घरी येऊन बास तीन डेसिबल खाली. काकांना सांगलीच्या गाडीत बसवलं. सीटवर बसल्या बसल्या म्हणाले, "पाठव हां मोबाइलवर."

बुधवार, रात्री पाऊण

पाठवला होता. तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. आज काकांचा फोन, "पेटी घेऊन बसलो होतो त्यावर. पांढरी सहा जमत नाही बाबा मला, आयुष्य काळी एकवर गेलं. तेवढी करून दे."

म्हटलं, दोन मिनिटांचं काम. कंट्रोल ए, सगळे सूर निवडले, चार सेमीटोन वर. पांढरी सहाची काळी एक. रेंडर करून फाइल काढली, न ऐकता पाठवून दिली आणि दात घासायला गेलो.

'सगळे सूर' यात ड्रमही आले, हे ब्रश तोंडात असताना लक्षात आलं. ड्रमच्या मिडीत, म्हणजे सुरांच्या आकड्यांच्या नोंदीत, किक ३६ वर, स्नेअर ३८ वर. चार वाढवले की किकच्या जागी दुसरा स्नेअर, आणि स्नेअरच्या जागी हाय-हॅट, छोटी झांज. धावत येऊन ऐकलं तर साडेतीन मिनिटं कोणीतरी पत्र्याच्या डब्यावर चमचे वाजवतंय.

डिलीट करायला मोबाइल उघडला. निळ्या टिक्स आल्या होत्या. खाली काकांचा मेसेज.

"स्वर बरोबर. ड्रमर बदललास का?"